झाकणाखालचं कुंकू

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "जिथं माणसानं जाऊ नये तिथं जाणारी गाडी बनवते." लोकांना वाटतं, लष्कराचं काहीतरी असणार. मागं एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंनी आवाज बारीक करून विचारलं, "बॉम्बपाशी जाते का हो?" म्हटलं, नाही हो, इथंच शेंद्र्याला औषधाच्या कारखान्यात जाते, पंपाखाली थेंब गळतोय का ते बघायला. बाईंचा उत्साहच मावळला. त्या परत जिलबीकडे वळल्या.

आता पंगतीत बसून त्यांना कुठं समजावत बसणार? औषधाचा कच्चा माल बनवायला सॉल्व्हंट लागतं. दिसायला पाण्यासारखं, पण स्वभाव पेट्रोलचा. सांडलं की बघता बघता त्याची वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळं वर न जाता खड्ड्यात जाऊन बसते, आणि पंपघर नेमकं खड्ड्यात असतं. तिथं वाफ साठली आणि कुठं बारीकशी ठिणगी पडली, तर पुढचं बोलायलाच नको. वाफ ओळखणारी यंत्रं भिंतीवर असतात, नाही असं नाही. पण पंपाचं सील नुकतंच ओलं व्हायला लागलंय, हे भिंतीवरच्या यंत्राला कळत नाही. त्याला डोळा लागतो. म्हणून दर पाळीला एक माणूस हातात बॅटरी आणि खिशात गॅसचं मीटर घेऊन खाली उतरतो, एकेका पंपापाशी वाकतो, बघतो आणि वर येतो.

शेंद्र्याच्या एका कंपनीत हा माणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादाचं घर मुकुंदवाडीला, स्टेशनच्या अलीकडं. मी पुंडलिकनगरला. म्हणजे वहिनीनं पुरणाचा घाट घातला की मला न बोलावताही वास येईल, एवढंच अंतर. दादा मुळातच कमी बोलणारा. पाळी सुटली की तो वहिनीला फोन करून एकच शब्द सांगायचा, "निघालो." तेवढा शब्द ऐकला की वहिनीचा दिवस सुरळीत. फोनला उशीर झाला की ती मला फोन करायची. "वन्सं, ह्यांचा फोन नाय आला अजून." मी तिलाच रागवायची, "अगं वहिनी, गप्पा छाटत बसला असेल कुठंतरी." दादा आणि गप्पा! माझं मलाच पटायचं नाही. तिचा फोन ठेवला की माझं काळीज लकलक करायचं, आणि मग मी कुणावर तरी विनाकारण ओरडायची.

ओरडणं हा माझा स्वभावच. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सवय आहे. शेंद्र्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप. मालक, दोन-तीन मशीनवाले, एक वयस्कर मिस्त्री ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, आणि डिझाइनला मी. आम्ही वर्षानुवर्षं स्फोटाचा धोका असलेल्या जागेसाठी विजेचे डबे बनवतो. दिव्यांचे, बटणांचे, मोटारीचे. एक दिवस दादाच्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरनं मालकांना विचारलं, "डबा बनवता, तर त्याला चाकं लावून चालती गाडी का नाही बनवत? कॅमेरा लावा, मीटर लावा, आमचा माणूस खाली उतरायला नको." मालकांनी माझ्याकडं बघितलं. जमेल का, असं त्यांनी विचारायच्या आतच मी हो म्हणून बसले होते.

मग जी काही भांडणं झाली, विचारू नका. मालकांच्या डोळ्यापुढं प्रदर्शनात ठेवतात तसा पांढराशुभ्र, गुळगुळीत रोबो होता. प्लास्टिकचं अंग, निळे दिवे, दोन डोळे. मी म्हटलं, "साहेब, थंडीत स्वेटर काढताना अंगावर चटचट होतं ना? प्लास्टिकवर तेच होतं. तीच ठिणगी. निळे दिवे तुम्ही तुमच्या देव्हाऱ्यात लावा." ते आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. शेवटी जी गाडी तयार व्हायला लागली ती दिसायला अगदीच बोजड. जाड ॲल्युमिनियमचा डबा, वरून झाकण, खाली चार काळी रुंद चाकं. चाकांचं रबरही असं निवडलेलं, की अंगात साठलेली वीज त्यातून गुपचूप जमिनीत उतरून जावी. चाल इतकी हळू की चाचांनी पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं. "ये तो कछुआ है रे बाबा!" झालं, तेव्हापासून कासव.

डब्याचं एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. लोकांना वाटतं, डबा घट्ट बंद केला म्हणजे गॅस आत जाणार नाही. तसं नसतं. गॅस आज ना उद्या आत जातोच. आत मोटार आहे, बॅटरी आहे, ठिणगी पडू शकते. पडली तर आतल्या आत छोटासा स्फोट होणार, हे धरूनच डबा बनवायचा. तो स्फोट सोसण्याइतका डबा मजबूत पाहिजे. आणि डबा आणि झाकण जिथं एकमेकांवर बसतात, ते दोन्ही काठ रुंद आणि आरशासारखे सपाट पाहिजेत. आतली ज्वाला त्या काठांमधल्या नसल्यासारख्या फटीतून बाहेर यायला बघते, पण थंड धातूवरून सरपटता सरपटता तिची आग विझते. बशीत ओतलेला चहा पसरला की निवतो, तसंच. बाहेर येईपर्यंत ती कुणाला पेटवू शकत नाही. फट मात्र ठरल्यापेक्षा जराही जास्त नको. म्हणून त्या काठांना आम्ही रंग लावत नाही, त्यांच्यावर पाना ठेवत नाही, साधं बोटही लावू देत नाही. चाचा ते काठ हातानं घासून असे चकचकीत करत, की त्यात बघून भांग पाडावा.

दसरा तोंडावर आला तेव्हा कासव जवळजवळ तयार होतं. दादाच्या कंपनीत दिवाळीच्या आधी पंप बंद ठेवून साफसफाई करायची होती. तेवढ्या दिवसांत गाडी खाली उतरवून चाचणी घ्यायची, असं ठरलं. ती संधी हुकली की चाचणी थेट दिवाळीनंतर, कंपनीच्या सवडीनं. मी वहिनीला छातीठोकपणे सांगून बसले होते, "ह्या दिवाळीला दादा खाली उतरणार नाही."

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. लेथ धुऊन पुसून हार घालायचा, पान्यांना हळद-कुंकू, मालकांच्या हातून नारळ, मग पेढे. सगळ्यांच्या घरचे येतात. मी वहिनीला मुद्दाम बोलावलं. ती बिचारी नळाला पाणी यायचा दिवस असूनही शेजारणीच्या हवाली टाकी करून, काठापदराची साडी नेसून आली. कासवात बॅटऱ्या बसवायच्या होत्या म्हणून त्याचं झाकण उघडंच होतं. नेमक्या पूजेच्या वेळी त्या बॅटऱ्या घेऊन टेम्पो आला, आणि टेम्पोवाला "मी गेटच्या आत येणार नाही" म्हणून अडून बसला. मी त्याच्याशी भांडायला बाहेर गेले. भांडण चांगलं रंगलं. परत आले तेव्हा पूजा आटोपली होती, वहिनी पेढा खात होती आणि तिचा चेहरा कसा उजळला होता. मला म्हणाली, "वन्सं, मी तुमच्या कासवाला मनापासून हात जोडले बघा." मला फार बरं वाटलं.

पूजा झाली की आमच्याकडं कुंकू पुसत नाहीत आणि दसऱ्यापर्यंत यंत्राला हात लावत नाहीत. ही रीत कुणी मोडत नाही, मीसुद्धा नाही. दसरा झाला, रविवारही मध्येच आला. सोमवारी मी पोचायच्या आत पोरांनी कोरड्या फडक्यानं सगळी यंत्रं पुसून काढली होती. कासवात बॅटऱ्या घालून झाकण बोल्ट आवळून बसवलेलंही होतं. आता फट तपासायची. त्याला आमच्याकडं पातळ पोलादी पत्त्या असतात, कागदाहूनही पातळ. झाकणाच्या चारी बाजूंनी पत्ती घालून बघायची. ती आत जाता कामा नये. तीन बाजूंना गेली नाही. चौथ्या बाजूला, कोपऱ्यापाशी, सुळकन आत गेली.

मला वाटलं, माझाच हात वाकडा पडला. पुन्हा घातली. पुन्हा गेली.

झाकण उघडलं. त्या आरशासारख्या काठावर एका जागी तांबूस पापुद्रा वाळून घट्ट बसला होता, आणि त्यात तांदळाचा एक दाणा चिरडून चपटा झालेला. कुंकू आणि अक्षता! पाण्यात कालवलेलं कुंकू. मी ते अलगद पुसलं, तर खाली धातूवर करडा डाग, आणि नखाला जाणवेल न जाणवेल असा खडबडीतपणा. कुंकवात चुना असतो. ओला चुना दोन-तीन दिवस ॲल्युमिनियमवर बसला की धातू खातो, हे ह्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टाच सुटला. "अक्कल गहाण ठेवली होती का सगळ्यांनी? काठावर बोट लावू नका म्हणून मी घसा फोडून सांगते, आणि तुम्ही तिथं अक्षता टाकता? कुणाचा हात तो?"

चाचांनी खालमानेनं सांगितलं, "मैं तो कपडा डालके रखा था बेटी. पूजा के टाइम किसीने निकाला, बोले ढकी हुई चीज की पूजा कैसी." मी म्हटलं, "फडकं कुणी काढलं ते राहू द्या, कुंकू कुणी लावलं?" एक मशीनवाला हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या वहिनींनी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता बोला, असं सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. एकाला तर हसू आवरेना. काय बोलणार? सगळ्या वर्कशॉपमध्ये जी बाई सर्वांत मनापासून हात जोडत होती, तिला सर्वांत चकचकीत जागा तीच दिसली, आणि तिनं तिथंच कुंकू लावलं. मला तिच्यावर रागावताही येईना.

मालक आले, त्यांनी डाग बघितला, चष्मा काढून बघितला, बोटानं चाचपून बघितला. "ताई, एवढुसा डाग. पुसला ना? झाकण बसवा आणि पाठवा. आता पत्ती जात नसेल." खरंच जात नव्हती, मी बघितलं होतं. पण काठाचा तो भाग खाल्लेला होता. खडबडीत जागेवरून ज्वाला कशी जाईल, ती विझेल की नाही, हे मला खात्रीनं सांगता येत नव्हतं. जे खात्रीनं सांगता येत नाही ते मी खाली पाठवणार नव्हते. काठ पुन्हा मशीनवर घ्यायचा, पुन्हा हातानं घासायचा, पुन्हा चारी बाजूंनी मोजायचा, मग कंपनीच्या माणसाला दाखवायचा. एवढं करायचं तर दिवाळीआधीची चाचणी हातची गेली. मालक म्हणाले, "अहो, तुमचाच भाऊ आहे ना तिथं? उशीर झाला तर खाली कोण उतरणार?" मी चिडून म्हटलं, "भाऊ आहे म्हणूनच! तुम्ही बसता का ह्या डब्याशेजारी, त्या खड्ड्यात?" मालकांनी चष्मा खिशात ठेवला. मग त्यांनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं, की पूजेचं कुंकू लागून काठ खराब झालाय, वेळ लागेल. हा माणूस कितीही निळ्या दिव्यांचा शौकीन असो, खोटं बोलत नाही. पलीकडून सेफ्टी ऑफिसर आधी खो खो हसला. मग म्हणाला, "नीट करून द्या. आणि आमच्याकडंही पूजा होते, साहेब. कुंकू लावायला एखादी जागा ठेवा गाडीला, नाहीतर पुढच्या दसऱ्याला आमची माणसं हेच करतील."

संध्याकाळी मी स्कूटी काढून मुकुंदवाडीला गेले. वहिनी भाकरी थापत होती. तिथंच पाटावर बसून मी तिला सगळं सांगितलं, बशीतल्या चहापासून कुंकवातल्या चुन्यापर्यंत. तिचा हात परातीतच थांबला.

"म्हंजी माझ्या हातानं झालं व्हय?"

"तुझ्या हातानं नाही गं, फडकं काढणाऱ्याच्या हातानं. तुला काय माहीत."

"मग पुसून टाका की वन्सं. पुसलं ना? द्या पाठवून."

"नाही पाठवता येत."

"दिवाळीआधी जाणार म्हणला होता तुम्ही." तिचा आवाज चढला. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "रोज उतरतेत हो ते खाली. तुम्हाला एक डाग दिसतो, मला ते दिसतेत. तुमचा सख्खा भाऊ हाय, वन्सं!"

मला ते फार लागलं. ओरडायला जागाही नव्हती, कारण ती चुकीचं काही बोलत नव्हती. तेवढ्यात दादा आला. तो दारातूनच सगळं ऐकत होता बहुतेक. हातपाय धुतले, ताटावर बसला, पहिला घास खाल्ला आणि मग म्हणाला, "नीट करून दे. अर्धवट गाडी नको मला. आन् मी काय नवीन चाललोय का खाली? इतकी वर्षं उतरतोच की." वहिनी त्याच्यावरच उखडली, "इतकी वर्षं उतरलात म्हणून तर!" आणि भाकरी तव्यावर अशी काही टाकली की दादानं मुकाट्यानं मान खाली घातली.

ती दिवाळी मी कशी काढली, माझं मला माहीत. दादा रोज उतरत होता. चकलीचा सोऱ्या फिरवतानासुद्धा माझं लक्ष घड्याळाकडं. वहिनीचा फोन वाजला की धस्स व्हायचं, आणि तिनं नुसतं "आला बरं का फोन" म्हटलं की जीव भांड्यात पडायचा. ती माझ्यावर रागावलेली होती, पण तरी फोन करून सांगायची. चार घास फराळाचेही पाठवले तिनं.

वर्कशॉपमध्ये मात्र सगळे झटून कामाला लागले होते. काठ पुन्हा मशीनवर घेतला. चाचा सकाळी आल्यापासून तो काठ घासत बसायचे. मी दर तासाला जाऊन उभी राहायची, तसे ते वैतागून म्हणायचे, "बेटी, तू चाय पी. तेरे देखनेसे जल्दी नै होता." आणि गाडीच्या पुढच्या बाजूला, डब्यापासून लांब, खालच्या चौकटीवर त्यांनी एक पितळेची छोटी पट्टी बसवली. कुंकवासाठी. तीही ठिणगी न पाडणारी, मी खात्री करून घेतली. मालक म्हणाले, "बघा, दोन डोळे नाही दिले, पण कपाळ तरी दिलंत." मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी वर्कशॉपमध्ये हसले होते.

काम पुरं झालं तेव्हा मी वहिनीला परत बोलावलं. ती यायला तयार नव्हती. "मी नाय येत. परत काय बाय करून ठेवीन." मी तिला स्कूटीवर मागं बसवून जवळजवळ पळवूनच आणली. झाकण बसवलेलं, बोल्ट आवळलेले. तिच्या हातात पत्ती दिली आणि म्हटलं, "घाल बघू कुठूनही." तिनं चारी बाजूंनी घालून बघितली. कुठंच जाईना. मग पितळेच्या पट्टीवर तिनं बोटाच्या टोकानं एवढंसं कुंकू लावलं, इतकं जपून की चाचा म्हणाले, "लगाव बेटी, और लगाव, अब कुछ नै होता." ती रडायला लागली आणि मला म्हणाली, "मी लई बोलले तुम्हाला." मी म्हटलं, "बोललीस ते बरं केलंस. माझ्यावर ओरडणारं कुणी पाहिजेच होतं." दोघीही हसलो.

चाचणी हिवाळ्यात झाली. कासव चालवायला कंपनीनं दादालाच शिकवलं, कारण खालची गल्ली न् गल्ली त्याला पाठ. पंपघरात जायला उतार आहे, त्यामुळं पायऱ्यांचा प्रश्न नव्हता. दादा वरच्या खोलीत पडद्यासमोर बसायचा आणि हातातल्या रिमोटच्या काड्या हलवता हलवता गाडीशी बोलायचा. "हां, हां, डावीकडं. ए, तिकडं कुठं? बघ, खाली बघ." आयुष्यात बायकोशी इतका बोलला नसेल. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "लई हळू हाय गं तुझं." म्हटलं, पळायला लावू का? तर म्हणाला, नको, बरंय. महिन्याभरात कंपनीनं गाडी कायमची कामाला लावली. दर पाळीला आता तीच उतरायची.

मी अधूनमधून बॅटऱ्या तपासायला जायची. अशाच एका सकाळी मी दादाच्या मागं उभी होते. कासव खाली गेलं, पहिला पंप, दुसरा पंप. तिसऱ्याकडं वळलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला गॅसचा आकडा हलायला लागला. हलला, वाढला, मग भराभर चढला. कॅमेऱ्यात पंपाखालची फरशी ओली दिसली. थेंब नव्हता तो, सील फुटून धार लागली होती. दादानं एका हातानं पंप बंद करायचं बटण दाबलं आणि दुसऱ्या हातानं भोंगा. सगळी माणसं फाटकाबाहेर पळाली. आम्हीही. आणि कासव खाली त्या वाफेत, डब्यातली मोटार चालू, दिवा लागलेला, तसंच उभं.

मी फाटकाबाहेर उन्हात उभी होते. पत्ती कुठंच गेली नव्हती, मी आणि वहिनीनं बघितलं होतं, चारी बाजूंनी. हेच मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. काही झालं नाही. वारा सोडून पंपघर मोकळं केलं, मीटर शून्यावर आलं, मग माणसं उतरली आणि सील बदललं. दुपारी कासव उतारावरून आपल्या चालीनं वर आलं. चाकं तेवढी ओली होती.

सेफ्टी ऑफिसरनं माझं अभिनंदन केलं, मालकांना फोन केला, सगळे खूश. दादा मात्र एका बाजूला जाऊन बसला होता. मी शेजारी बसले. त्याचा चेहरा पांढरा पडलेला. खालीच बघत म्हणाला, "तिसऱ्या पंपापाशी मी गुडघ्यावर बसतो. वाकून बघावं लागतं तिथं." एवढंच. मी त्याचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेल. मग तो म्हणाला, "वहिनीला सांगू नको."

मी सांगितलं. सरळ मुकुंदवाडीला गेले आणि सगळं सांगितलं. मला राहवेना, आणि तिला कळायचा हक्कच होता. शेवटी एवढंच म्हणाली, "मला कळलंय ते ह्यांना कळू देऊ नका. त्यांना वाटू दे, मी निवांत हाय."

दादा आला. तिनं ताटं वाढली, त्याचं आणि माझं. रोजच्यासारखं विचारलं, "कसं झालं आज?"

"काय नाय. रोजच्यासारखंच."

तिनं त्याच्या ताटात वरण वाढलं. मग खाली बघतच विचारलं, "उद्या पण तीच उतरणार ना खाली?"

"तीच की. मी कशाला उतरू आता?"

वहिनीनं हातातली पळी तिथंच ठेवली, पदर तोंडाला लावला आणि उठून आत गेली. आतून तिचा हुंदका ऐकू आला.

"हिला काय झालं?" दादा घाबरून मला म्हणाला.

म्हटलं, "काही नाही. जेव तू."